एक, दोन, चार, तीन

एक, दोन, चार, तीन.
कारखान्यातून निघाली तेव्हापासून
हिच्या पोटात हाच क्रम.
एक पेटतो, मग दोन, मग चार, मग तीन,
दर अर्ध्या फेऱ्याला एक,
इतकं बिनचूक की वेगात ऐकू येते फक्त
सलग किंकाळी,
नवं कापड टराटरा फाडत न्यावं तशी.

यालमारीला ते नको होतं.
बर्फावर, म्हणाला, सलग ताकद म्हणजे सलग घसरणं.
टायरच्या खिळ्यांना क्षणभर उसंत हवी,
दातांना घास धरायला लागते तेवढी.

उणे पंचवीस. गॅरेजातली शेगडी
एकच गाल भाजत होती.
दिवा मी धरला, कारण आमच्या घरात
इतका वेळ गप्प उभं राहणारं दुसरं कुणी नाही.

क्रँकला हात लावायचा नाही, त्यानं समजावलं.
एक आणि चार तसेही जोडीनं वर येतात,
तेव्हा दोन आणि तीन जोडीनं खाली.
फक्त जोडीतला एक पेटतो तेव्हा दुसरा
आपला जळका धूर बाहेर ढकलत असतो.
आणि ठिणगी?
ती दोघांनाही मिळते, एकाच कॉइलमधून, एकदमच.
एक कामाची,
एक धुरात उडालेली, फुकट.
"तीस वर्षं," तो म्हणाला, "निम्म्या ठिणग्या वाया."
मी दिवा या हातातून त्या हातात घेतला.
निम्म्याच म्हणजे फार नव्हेत, असं मनात आलं.

कायानीला केम्पाइनेन नावाचा म्हातारा आहे.
त्यानं दोन्ही कॅमशाफ्ट मधोमध कापले,
उजवा तुकडा अर्धा फेरा फिरवला,
पुन्हा जोडला, वेल्डचा फुगवटा घासून काढला,
आणि पैसे मोजताना विचारलं,
नक्की ना?
परत पहिल्यासारखं करता येईल, पण सांधा राहील.

आता एक आणि चार एकदम.
अर्ध्या फेऱ्यानं दोन आणि तीन एकदम.
मग दीड फेरा
काहीच नाही.

स्टार्टरनं तीनदा मान टाकली.
चौथ्यांदा आम्ही तिला उतारावरून ढकललं,
किनाऱ्यावरून खाली, थेट तळ्यावर.
मी पडले. हातमोज्यात बर्फ गेला.
आणि ती बोलली:
धड-धड.
            .
धड-धड.
            .
यालमारी मागे न बघता निघून गेला,
बेटाला वळसा घालायला,
घड्याळ माझ्याकडे टाकून.

रोज आई ओळखते.
ती किंकाळी खाडीच्या तोंडाशी आली
की कॉफी चढवते,
आणि कप भरतो तेव्हा तो दारात बूट झटकत असतो.
आज चिमणीतून नेहमीचाच धूर, पण खिडकीत कुणी नाही.
आई धक्क्यावर होती.
अंगात नुसती लोकरी बंडी,
हातात बटाटे सोलायची सुरी,
सालीची एक लांब पट्टी अजून तिला लोंबत.

बाबांच्या होडीचं इंजिन दोन सिलिंडरचं.
दोन ठोके, मग दीड फेरा गप्प.
पहाटे त्या गप्प राहण्यात
पाणी ऐकू यायचं.
होडी विकूनच अकरा वर्षं झाली,
ते त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेले.

बर्फ हातभर जाड.
त्यावरून होडी येत नाही, हे तिला मी काय सांगणार?
मी माझा कोट तिच्या खांद्यावर टाकला.
तिनं तो घेतलाही नाही, झिडकारलाही नाही.
आवाज बेटामागे गेला, बारीक झाला,
या बाजूनं पुन्हा आला.

यालमारीनं इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं,
भुवयांवर बर्फ.
"किती?"
मी घड्याळ दाखवलं. पूर्वीपेक्षा चार सेकंद जास्त.
त्यानं शिवी दिली, आधी केम्पाइनेनला, मग स्वतःला.
उद्याच कायानीला जातो, म्हणाला, सरळ करून आणतो,
इतका खर्च, आणि उलट हळू.

आईनं सुरीवरची साल काढली,
बंडीच्या खिशात ठेवली.
"एकदा परत जाऊन ये," ती म्हणाली, "बेटापर्यंत.
आणि अजून सावकाश चालव.
तुझे बाबा इतक्या घाईनं येत नसत."